पाढ्यांच्या पलीकडचं गाणं

जिल्हा परिषदेच्या शाळेत गाण्याला एक दिवसही रजा नसते. सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत, २०२३पासून जोडीला राज्यगीत, मग प्रार्थना, समूहगीत, कुठे पसायदान. पहिली-दुसरीच्या वर्गात कविता चालीवर, पाढे चालीवर, बाराखडीसुद्धा चालीवर. खिचडीच्या आधी हात धुण्याचं गाणं. विस्तार अधिकारी भेटीला आले की स्वागतगीत. जानेवारीत गॅदरिंग, त्याच्या आधीचे दोन आठवडे मोबाइलला जोडलेल्या स्पीकरवर तेच तेच गाणं, स्टेप पाठ होईपर्यंत. वाशिंद स्टेशनात उतरून भातसेच्या अंगाने आत जा, शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही पाड्यावरच्या शाळेशी थांबा, यातलं काही ना काही कानावर पडेलच. एवढं गाणं चालू असताना ‘इथे संगीत शिकवलं जात नाही’ असं म्हणायला जीभ धजत नाही. तरी म्हणावं लागतं, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला जुंपलेलं आहे. ते पाढे वाहतं, स्वच्छता वाहतं, देशभक्ती वाहतं, पाहुण्यांचा मान वाहतं. पाढा पाठ झाला की गाण्याचं काम संपलं. सूर लागला का, लय धरली का, शेजारच्याच्या आवाजात आपला आवाज मिसळला का, हे पाच वर्षांत मुलाला कुणी विचारलेलं नसतं.

पुढच्या पानांत हेच विचारायचं आहे. ही पाने पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या आणि स्वतः कधीही संगीत न शिकलेल्या शिक्षकांसाठी आहेत. ‘कधीही न शिकलेल्या’ यावर माझा जोर आहे. शाळेतल्या संगीतावर आपल्याकडे जे काही लिहिलं जातं, त्यात संगीत शिक्षक नावाचा माणूस गृहीत धरलेला असतो. शहापूर-मुरबाडच्या प्राथमिक शाळेत तो नाही, आणि तो का नाही याचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक असावेत असं तिथे म्हटलं आहे, पण पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी कलेचा माणूस यादीतच नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एवढाच हिशोब. आता ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग डोळ्यांपुढे आणा. रस्ता संपतो तिथून पुढे चालत जायचा पाडा, चौथी-पाचवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन गुरुजी; त्यातले एक बऱ्याचदा माहिती भरण्यात गुंतलेले. वीसच्या आत पट असलेल्या शाळा ठेवाव्यात की जवळच्या शाळेत मिळवाव्यात, याच्याच चर्चा चाललेल्या असतात. शंभराची अट अशा शाळेला लागू होण्याचा प्रश्नच नाही. जिथे लागू झाली तिथे महाराष्ट्रात निदेशक नेमलेही गेले. त्यांची पुढची वाटचाल मानधन, सेवेतला खंड आणि कोर्टकचेऱ्या यांतून झाली.

गंमत अशी, की माणूस नसला तरी श्रेणी असते. मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘कला’ हा विषय आहे, त्याचं आकारिक मूल्यमापन होतं, आणि दर सत्राला त्याच्यापुढे अक्षर पडतं. बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक काढलं, त्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र बांधलेलं आहे, आणि गायन-वादनाची पानंही आहेत. पुस्तक वाईट नाही. पण वाचून सूर कसा लावायचा, हे ज्याच्या कानाला कधी सुराची ओळखच करून दिली गेली नाही त्या शिक्षकाला पुस्तक कसं सांगणार? तो चित्रकलेचं पान उघडतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

याच्या उलट दृश्य फार लांब नाही. मुंबई महापालिकेच्या शाळांना संगीत शिक्षक आहेत, पालिकेची स्वतःची संगीत अकादमी आहे. तिथेही तक्रारी असतील, जागा रिकाम्या असतील. तरी ‘पालिकेच्या शाळेतल्या पोराला गाणं शिकवणं हे पालिकेचं काम आहे’ एवढं मान्य झालेलं आहे. त्याच मुंबईला पाणी जातं ते शहापूर तालुक्यातून. तानसा १८९२पासून, पुढे मोडकसागर, मग भातसा. धरणाच्या कडेच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाण्याच्या बाबतीतही तसंच आहे, एवढंच सांगायचं होतं. पाण्यापुढे गाण्याची तक्रार कुणी ऐकून घेत नाही, हेही कळतं.

वाशिंदचं स्थानही या गोष्टीत महत्त्वाचं आहे. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याणहून वाशिंदपर्यंत रूळ आले आणि पुढची काही वर्षं आगगाडीचं टोक इथेच होतं. कसाऱ्याला गाडी पोचायला १८६१ उजाडलं. आजही वाशिंद एका अर्थाने टोकच आहे. रुळांच्या आसपास इमारती, कारखाना, नोकरीला कल्याण-ठाणे-मुंबई गाठणारी माणसं. आणि रिक्षाने अर्ध्या तासावर ठाकर, कातकरी, महादेव कोळ्यांचे पाडे. स्टेशनजवळच्या कुटुंबातलं मूल संध्याकाळी तबल्याच्या किंवा हार्मोनियमच्या क्लासला जातं, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकला बसतं, प्रवेशिका देतं. गाणं फार मन लावून ऐकायचं असेल तर कल्याण गायन समाजापर्यंत लोकल आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, हे या घरांत माहीत असतं. पाड्यावरच्या घराला यातलं काहीच पोचत नाही. म्हणजे वाढीव गुणांची तरतूद ज्याने आधीच फी भरलेली आहे त्याच्याच पदरात पडते. लोककलेलाही गुण आहेत, कागदावर. पण प्रमाणपत्र कुणाकडून आणायचं, अर्ज कधी करायचा, हे सांगायला शाळेत कुणीतरी हवं ना.

आणि तरी पाडा मुका नाही, गावही नाही. कसारा लोकलचा सकाळचा डबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको: टाळ, ढोलकी, एक जण अभंग उचलतो, बाकीचे झेलतात, कल्याण येईपर्यंत भजन रंगलेलं असतं. या मंडळींतल्या कित्येकांनी संगीताची एक परीक्षा दिलेली नसते. तरी ठेका कुठे धरायचा, कडवं कुठे उचलायचं, आवाज कुठे मागे ठेवायचा, हे त्यांना पक्कं येतं. आगरी लग्नात धवलारीण असते. तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाहीत. वारल्यांमध्ये धवलेरी आहे. ती लग्न लावते तेच गाऊन. तारप्याचं माहेर जरा उत्तरेला, जव्हार-डहाणूकडे. दुध्या भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांतून ते वाद्य उभं राहतं आणि वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, कारण नाचणाऱ्यांचा फेर त्याच्या सुरावर चाललेला असतो. नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडायची ही युक्ती शिकायला शहरातल्या वादकाला वर्षं लागतात. ठाकर पाड्यांवरचे ढोल, गौरीचे नाच, हळदीची गाणी, बोहाड्याची सोंगं, म्हशाच्या जत्रेतला गलका. मूल शाळेत येतं ते हे सगळं कानात घेऊन.

शाळा याचं काय करते? बहुतेक वेळा दोनच गोष्टी. एक तर दुर्लक्ष. नाहीतर प्रदर्शन: गॅदरिंगला ‘आदिवासी नृत्य’ बसवलं जातं, बाजारातून पानाफुलांचे पोशाख आणले जातात, आणि ठाकर मुलं स्पीकरवरच्या सिनेमातल्या ठाकर गाण्यावर नाचतात. पाहुणे टाळ्या वाजवतात. मुलाची आजी प्रेक्षकांत बसलेली असते. तिला विचारायला कुणी गेलेलं नसतं.

ही चूक न करता काम झाल्याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे, निदान २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत ते याच जिल्ह्यात होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई गिजुभाई बधेकांच्या सोबत भावनगरला तयार झालेल्या, माँटेसरीच्या वाटेने आलेल्या. माँटेसरीची महागडी साधनं वारल्यांच्या पोरांपुढे ठेवण्यात अर्थ नाही हे त्यांनी ओळखलं. आजूबाजूला मिळणारे दगड, बिया, पानं, शिंपले हीच साधनं झाली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. गाणी आणि नाच या शाळांमध्ये शोभेला नव्हते, दिवसाच्या कामाचा भाग होते. अंगणवाडी ही कल्पना देशाने त्यांच्याकडून घेतली. तिच्याबरोबर आलेली ही सूक्ष्म जाण, की मुलाच्या हाताला आणि गळ्याला जे आधीच येतं तिथून उचलायचं, ती मात्र वाटेत कुठेतरी सांडली.

हीच गोष्ट दूर हंगेरीत झोल्तान कोडायने मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. बेला बार्टोकबरोबर खेड्यापाड्यांत फिरून लोकगीतं गोळा करणारा हा संगीतकार. त्याचं म्हणणं सरळ होतं: वाद्य सगळ्यांना परवडत नाही, गळा सगळ्यांना आहे, तेव्हा सुरुवात गळ्याने आणि घरच्या गाण्याने. १९५० साली केच्केमेत या त्याच्या जन्मगावी रोज गायन असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ तशा अनेक निघाल्या. हाताच्या खुणांनी सूर दाखवायची पद्धत इंग्लंडमधून उचलून त्याच्या पंथाने रूढ केली; हात छातीच्या खाली असला की एक सूर, डोळ्यांसमोर आला की दुसरा. मूक हातांनी चाळीस मुलांकडून गाणं म्हणून घेता येतं. आपल्या सा-रे-ग-मला ही युक्ती सहज लागू पडते. पुढे एका पाठात ती घेतली आहे.

आपल्याकडच्या दोन थोरांचं नाव इथे न घेणं बरं दिसणार नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं दरबारातून आणि कोठ्यावरून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणलं, लहानांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं लिहिली. विष्णु नारायण भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ लिहिली, तीही मराठीत, आणि बंदिश कागदावर उतरवण्याची सोय केली. त्या दोघांच्या वाटेवरूनच आजची प्रारंभिक ते विशारद ही शिडी आली. ज्याला ती चढायची आहे त्याने जरूर चढावी. पण दोन शिक्षकी शाळेचं दार या शिडीतून उघडत नाही. भूप रागाचे आरोह-अवरोह पाठ करून परीक्षेत म्हणून दाखवणं आणि वीस पोरांनी मिळून एक गाणं सुरात म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि प्राथमिक शाळेची पहिली गरज दुसरीची आहे.

आता थोडं प्रत्यक्ष वर्गातलं. शाळेतल्या समूहगीताचं सर्वात मोठं नुकसान होतं ते पहिल्या सुरात. सर स्वतःच्या गळ्याला सोयीचा सूर पकडतात. मुलांचा गळा त्यांच्या एक सप्तक वर चालतो, हे मुलांना माहीत नसतं. काही जण सरांची नक्कल करत खाली घसरून घोगरं पुटपुटतात, बाकीचे भरपाई म्हणून ओरडतात. बाईंनी धरलेला सूरही लहान मुलांना बऱ्याचदा खाली पडतो. दोन-तीन पट्ट्या वर घेऊन, आणि सुरुवातीचा सूर नुसता ‘आ’काराने सगळ्यांना मिळवून मगच शब्द सुरू केले, तर त्याच मुलांचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो. यासाठी हार्मोनियम लागत नाही. लागलीच तर फोनवर तानपुऱ्याचं ॲप मिळतं आणि फोन आता प्रत्येक गुरुजींच्या खिशात आहे. शाळेच्या कपाटात कुलपात असलेली पेटी बहुधा पाच-सहा पावसाळे न उघडलेली असते. तिचे सूर बसलेले असतात, भात्याला उंदरांनी भोक पाडलेलं असतं. तिच्या दुरुस्तीची वाट पाहत गाणं थांबवू नये.

दुसरं, ‘बेसूर’ मूल. प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं असतात ज्यांना ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलेलं असतं, विशेषतः पाहुणे येणार असतील तेव्हा. हे वाक्य मुलाला जन्मभर पुरतं. बहुतेकदा त्या मुलाचा कान ठीक असतो, फक्त स्वतःचा आवाज वर नेता येतो हे त्याला सापडलेलं नसतं. कोकिळेची नक्कल, लांबच्या माणसाला मारलेली हाक, रानात घातलेला कुकारा यांतून ते सापडतं. रानातला कुकारा ठाकर मुलाला शिकवावा लागत नाही, तिथे त्यानेच शिकवावं.

लय तर शाळेत भरपूर सांडलेली आहे. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांत म्हणायचं असतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून एक दिवस म्हणा, मग किती वेळ लागला ते मुलांनाच मोजू द्या. लयीचा पहिला पाठ फुकटात झाला. लेझीम जवळपास प्रत्येक शाळेत आहे. तिच्यातल्या ‘आठ आवाज’ला आठ ठोके असतात, केरवाही आठ मात्रांचा, आणि लोकलमधला भजनी ठेकाही आठचाच. हे तीनही एकावर एक ठेवून दाखवले की ताल या गोष्टीची भीती संपते. त्यानंतर सहा मात्रांचा दादरा आला की मुलांना तो चालण्यातला नव्हे, झोक्यावरचा ठेका आहे हे आपोआप कळतं.

एका मोहापासून मात्र सावध राहायला हवं. संगीत शिकल्याने मुलाचं गणित सुधारतं, एकाग्रता वाढते, हजेरी वाढते, असं सांगितलं की अधिकाऱ्यांना पटतं, देणगीदारांना पटतं. मूलभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाच्या सध्याच्या धावपळीत तर असं सांगण्याखेरीज संगीताला वेळापत्रकात जागा मिळणार नाही, असं काही मित्र म्हणतात. गणित सुधारतही असेल. पण या कारणासाठी संगीत मागितलं की आपण ते पुन्हा हमालीलाच लावलं. उद्या गणिताचा निकाल वाढला नाही तर पेटी परत कपाटात. मुलाने गायचं ते गाता येतं म्हणून, आणि नीट गाता आलं तर जास्त मजा येते म्हणून. एवढं कारण वेळापत्रकातल्या दोन तासिकांना पुरायला हवं. खेळाच्या तासाला आपण कारण विचारत नाही.

आश्रमशाळांचा मुद्दा वेगळा आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि या दोन्ही तालुक्यांत आश्रमशाळा आहेत. तिथली मुलं वर्षातले बहुतेक दिवस घराबाहेर राहतात. सुगीनंतर पाड्यावर नाच धरला जातो तेव्हा ती वसतिगृहात असतात. गाणं आजीकडून नातीकडे जाण्याचा जो रस्ता, तो नेमका त्या वयात तुटतो. कुणी तो मुद्दाम तोडत नाही; हजेरी, अभ्यास, सुरक्षितता यांची सगळी कारणं रास्त आहेत. पण याच शाळांकडे अशी एक गोष्ट आहे जी वाशिंदच्या दिवसाच्या शाळेला कधीच मिळणार नाही: संध्याकाळ. जेवण आणि झोप यांच्या मधला तास, शेकडो मुलं, मोकळं आवार. त्या तासाला धवलेरीला, ढोल वाजवणाऱ्याला, गावच्या भजनी बुवाला बोलवावं. त्यांना रीतसर मानधन द्यावं, पाहुण्या व्याख्यात्याला देतात तेवढंच. आणि काय शिकवायचं, काय नाही, हे त्यांच्यावर सोडावं. लग्नविधीतली काही गाणी लग्नाबाहेर म्हणायची नसतात असं एखादी म्हातारी म्हणाली, तर ती पाठ्यक्रमात घालायचा हट्ट धरू नये.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांना यातलं काय पुरेल? दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-कल्याणच्या बाजूला भट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. शाळेचं अर्धं वर्ष निघून जातं. भट्टीवर भरणाऱ्या भोंगाशाळांचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. तिथल्यासारख्या खोपटात पेटी-तबला नेणं शक्य नाही आणि गरजही नाही. म्हणून पुढच्या पाठांपैकी निम्म्याहून अधिक पाठ कुठल्याही वाद्याशिवाय, टाळी, चुटकी, पाय आणि गळा यांवर बेतलेले आहेत.

शिक्षकांनी हे पाठ एकट्याने वाचून करू नयेत. दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद भरते. तिच्यातला अर्धा तास मागून घ्यावा आणि एक-एक पाठ आधी आपण, म्हणजे मोठ्यांनी, गोल उभं राहून म्हणून पाहावा. पहिल्या वेळी सगळे हसतील. बहुतेकांना शाळेत कुणीतरी ओठ हलवायला सांगितलेलं असेल. पहिला पाठ सुरुवातीच्या सुराचा आहे, दोन मिनिटांचा, आणि तो परिपाठातच बसतो. राष्ट्रगीताच्या आधी नको, समूहगीताच्या आधी घ्यावा.